धुणं, डीबगिंग आणि पाण्याची टाकी

आपण आयटीवाले लोक मोठे गमतीदार. रात्री दोन वाजता सर्व्हर झोपला तर पाच वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या कुणाचा तरी कोड उघडून, एकेक ओळ चाळत, कॉफी ढोसत पहाटेपर्यंत चूक शोधून काढतो. आणि घरातलं वॉशिंग मशीन बंद पडलं की? पाठीमागचे सहा स्क्रू दिसत असतात, स्क्रू ड्रायव्हर ड्रॉवरमध्ये असतो, भिंतीवर पदवीचं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलेलं असतं, आणि आपण फोनवर 'मराठीसाठी तीन दाबा' ऐकत उभे!

माझं मत थोडक्यात सांगतो, मग भांडा. वॉशिंग मशीन हे घरातलं सगळ्यात समजण्यासारखं यंत्र आहे. टीव्ही उघडून काही कळत नाही, फोन उघडला की परत बसत नाही, फ्रिजमध्ये गॅस असतो. वॉशिंग मशीन म्हणजे काय? पाणी आत घेणारा एक व्हॉल्व्ह, पाणी किती झालं ते सांगणारा एक स्विच, ड्रम फिरवणारी एक मोटर, पाणी बाहेर टाकणारा एक पंप, आणि या सगळ्यांना कधी काय करायचं ते सांगणारा एक टायमर किंवा सर्किट बोर्ड. बास. फुल्ली ऑटोमॅटिक असो, सेमी असो, कुळ एकच. त्यामुळे बिघाड झाला तर आधी स्वतः उघडून बघावं. निदान काय बिघडलंय ते आपल्याला माहीत असावं. दुरुस्ती दुसऱ्याकडून करून घेतली तरी चालेल, निदान मात्र आपलं हवं.

हे मत मी हवेत बनवलेलं नाही. गेल्या पावसाळ्यानंतर साताऱ्याच्या घरी जो प्रकार झाला त्यातून ते पक्कं झालंय.

आमचं घर खाली-वर असं दोन मजली. मशीन वरच्या मजल्यावर, कारण वाळत घालायला गच्ची जवळ. मशीन सकाळी लावलं की पाच-सात मिनिटांनी पी-पी करून 'पाणी येत नाही' असा एरर दाखवायचं. कंपनीचा माणूस आला, इनलेट व्हॉल्व्ह बदलला, पैसे घेतले, गेला. चार दिवसांनी पुन्हा तेच. पुन्हा माणूस आला, या वेळी दुसरा. त्यानं पुन्हा व्हॉल्व्ह बदलला (वॉरंटीत बरं का, पण व्हिजिट चार्ज वेगळा!) आणि जाता जाता म्हणाला, "बोर्ड गेला असणार, बोर्ड बदलावा लागेल." बोर्डाची किंमत ऐकून बाबा म्हणाले, मग नवीनच घेऊ की.

या सगळ्या काळात आई दोन्ही माणसांना एकच गोष्ट सांगत होती. "अहो, संध्याकाळी लावलं की नीट चालतं. सकाळीच नाटकं करतं." दोघांनीही ते ऐकून सोडून दिलं. पहिल्यानं तर "काकू, मशीनला सकाळ-संध्याकाळ कळत नाही" असं वर ऐकवलं. आणि आई गुडघे दुखत असताना चादरी हातानं धूत होती.

आता, टेस्टिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. 'कधी कधी होतं' असा बग आला की डोकं दुखतं. आणि 'अमुक वेळी होतं, तमुक वेळी होत नाही' असं सांगणारा माणूस भेटला तर त्याला चहा पाजावा, कारण त्यानं अर्धं काम केलेलं असतं. आईनं फुकटात इतका सुंदर बग रिपोर्ट दिला होता, आणि तो कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही. का? कारण ती काकू होती आणि ते टेक्निशियन होते.

शनिवारी मी पुण्याहून घरी गेलो आणि मेजरिंग टेप घेऊन गच्चीत चढलो. हिशेब बघा, सातवीच्या विज्ञानाचा आहे. दहा मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण एक बार. बऱ्याच मशीनच्या माहितीपुस्तिकेत पाण्याचा किमान दाब ०.३ बारपासून पुढे दिलेला असतो, आमच्याही पुस्तिकेत ०.३ होता. म्हणजे व्हॉल्व्हच्या वर किमान तीन मीटर पाणी पाहिजे. आमचा स्लॅब वरच्या मजल्याच्या फरशीपासून तीन मीटरवर. त्यावर दोन फुटी कट्टा, म्हणजे ०.६ मीटर, आणि त्यावर हजार लिटरची टाकी. मशीनचा व्हॉल्व्ह फरशीपासून एक मीटर उंच. वजाबाकी केली की टाकीच्या तळापासून व्हॉल्व्हपर्यंत मिळतात २.६ मीटर. टाकी भरली की तिच्यातल्या पाण्याची उंची १.२ मीटर, म्हणजे एकूण ३.८.

आमच्याकडे नळाला पाणी संध्याकाळी येतं. त्यामुळे संध्याकाळी टाकी काठोकाठ, दाब ०.३८ बार, मशीन खूश. रात्रीचा वापर, सकाळच्या आंघोळी उरकल्या की टाकी तळाला, दाब ०.२६ च्या आसपास. शिवाय पाइपमधल्या वळणांत थोडा जातो तो वेगळाच. हे व्हॉल्व्ह नुसत्या चुंबकानं उघडत नाहीत. चुंबक फक्त एक बारीक भोक मोकळं करतो आणि पाण्याचाच दाब आतला रबरी पडदा वर उचलतो. दाब कमी म्हणजे पडदा अर्धवट उचलला जाणार, पाणी करंगळीएवढं येणार. बोर्डाला सांगून ठेवलेलं असतं की इतक्या मिनिटांत इतकं पाणी भरलं पाहिजे. नाही भरलं की तो टाइमआउट देतो. तो बिचारा आपलं काम चोख करत होता! बिघाड मशीनमध्ये नव्हताच. तो गच्चीवर होता.

पोवई नाक्याजवळच्या एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी अँगलचं तीन फुटी स्टँड करून घेतलं आणि टाकी उचलून त्यावर ठेवली. (हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन. स्टँडचे पाय कॉलम किंवा बीमवर येतील असं बघा, स्लॅबच्या मध्यावर नको. ओळखीच्या सिव्हिलवाल्याला विचारून करा.) आता तळाशी पाणी असलं तरी साडेतीन मीटर मिळतात. बोर्ड बदलला नाही. दोन्ही व्हॉल्व्ह उगाच गेले. आई म्हणाली, "मी सांगत नव्हते?" यावर घरात कुणाकडेच उत्तर नव्हतं.

आता थोडं आत शिरू, कारण खरी मजा आत आहे. पाण्याची पातळी ओळखणारा जो प्रेशर स्विच असतो ना, तो बघून मी अक्षरशः टाळी दिली. टबच्या तळाशी एक छोटी पोकळी, तिथून एक बारीक रबरी नळी वर स्विचपर्यंत. टबमध्ये पाणी चढलं की नळीतली हवा कोंडते, कोंडलेली हवा वरचा पडदा ढकलते, टिक्. झालं, पाणी पुरेसं भरलं. एक बारीक नळी आणि कोंडलेली हवा! ही नळी निसटली किंवा चिरली की हवा कोंडत नाही, मशीनला वाटतं टब रिकामाच आहे, आणि पाणी वाहून बाथरूमचा तलाव होतो. आपल्याकडे ही नळी चिरण्याचं एक प्रमुख कारण म्हणजे उंदीर. वायरींचंही तेच. म्हणून तर मशीनच्या तळाला जाळी देतात. परदेशी इंजिनिअरला हे कॉलेजात शिकवत नसणार, आपल्या उंदरांनी शिकवलं असेल. :-)

दुसरा हमखास रुग्ण म्हणजे कपॅसिटर. मोटर नुसतीच 'हूंऽऽ' करते, फिरत नाही, किंवा दोन चादरी टाकल्या की दमते. पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये आपण पाठ केलं होतं की सिंगल फेज मोटर आपण होऊन सुरू होत नाही, दुसऱ्या वायंडिंगमधला करंट थोडा पुढं ढकलावा लागतो, ते काम कपॅसिटर करतो. दहा मार्कांना लिहिलं आणि विसरलो. सेमी ऑटोमॅटिकमध्ये तोच कपॅसिटर टायमर आलटून पालटून या वायंडिंगला आणि त्या वायंडिंगला जोडतो, म्हणून कपडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरतात. परीक्षेच्या पेपरात ही एक ओळ असती तर मला तो धडा जन्मात विसरता आला नसता. कपॅसिटरवर किती मायक्रोफॅरड आणि किती व्होल्ट ते छापलेलं असतं. तोच आकडा सांगून इलेक्ट्रिकलच्या दुकानातून आणायचा. काही शे रुपयांत काम होतं. पण त्याच्याशी खेळू नका. प्लग काढल्यावरसुद्धा त्यात चार्ज राहू शकतो.

हा विषय निघालाच आहे तर एकदाच गंभीरपणे सांगतो. प्लग काढल्याशिवाय मागचं झाकण उघडायचं नाही. स्विच बंद केला म्हणजे झालं, असं नाही. प्लग हातात दिसला पाहिजे. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून काही करायचं नाही. आणि जुन्या वाड्यांमध्ये, चाळींमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं खरं, पण वरचं मोठं भोक पुष्कळदा नुसतंच भोक असतं, त्याला अर्थिंग जोडलेलंच नसतं. मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मशीन दुरुस्त करायच्या आधी अर्थिंग दुरुस्त करा, आणि ते काम लायसनवाल्या वायरमनकडूनच करून घ्या. इथं हौस नको.

बरं, साताऱ्याची गोष्ट अशी एका स्टँडवर भागली. सांगलीचं प्रकरण वेगळं आहे.

ऑगस्ट २०१९ चा महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. हरभट रोड, मारुती चौक, गावभाग, सगळं पाण्याखाली. माझी मावशी तिकडेच राहते. पाणी ओसरल्यावर आम्ही मदतीला गेलो तेव्हा प्रत्येक घराबाहेर गाद्या, धान्य, पुस्तकं, फ्रिज आणि वॉशिंग मशीन यांचे ढीग. मशीनच्या ड्रममध्ये गाळ भरलेला. भंगारवाले गल्लीगल्लीत फिरत होते आणि किलोवर भाव सांगत होते.

मावशीचं मशीन जुनं सेमी ऑटोमॅटिक. ती म्हणाली, "टाकू नको रे, बघ काय होतंय का." मिरजेच्या रस्त्यावर एका वायंडिंगवाल्याकडे दोन्ही मोटरी काढून नेल्या. दुकानात पाय ठेवायला जागा नाही, विहिरीवरच्या, नदीवरच्या पंपांच्या मोटरींचा खच. काकांनी मोटर हातात घेऊन फिरवली आणि म्हणाले, "मोटर मेली न्हाई, भिजलीया. वाळवू."

आणि त्यांनी वाळवली. आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुऊन काढला (भिजलेली मोटर पुन्हा पाण्यानं धुवायची, हे माझ्या शहरी डोक्याला झेपेना). मग एका पत्र्याच्या पेटीत मोठे बल्ब लावून त्यांच्या उष्णतेत दोन दिवस ठेवली. मग मेगरनं इन्सुलेशन तपासलं, व्हार्निश दिलं, बेअरिंग बदलली. टायमर गेला होता, तो बाजारात मिळाला. मशीन चालू झालं. शेजारच्यांचं फुल्ली ऑटोमॅटिक, जेमतेम दीड वर्षाचं. त्याची मोटरही वाळली असती, पण बोर्ड गेला होता. नव्या बोर्डाचा भाव मशीनच्या निम्म्या किमतीच्या आसपास, आणि मिळायला महिनाभर. ते भंगारात गेलं. म्हणजे जुनं वाचलं आणि नवं गेलं! आता बोला.

हे वायंडिंगवाले काका या भागात जागोजागी का आहेत, याचा कधी विचार केलाय? कारण आपला हा सगळा पट्टा उसाचा आणि उपसा सिंचनाचा. पंपाची मोटर जळाली आणि चार दिवस बंद राहिली की पीक वाळतं. त्यामुळे मोटर आजच्या आज दुरुस्त करून देणारा माणूस जवळपास लागतोच. ही विद्या कुठल्या कंपनीच्या ट्रेनिंग सेंटरनं दिलेली नाही, गरजेतून आलीय.

आणि इतिहासही थोडा तसाच आहे. लक्ष्मणराव आणि रामूअण्णा किर्लोस्कर या भावांनी १८८८ साली बेळगावात सुरुवात केली ती सायकलींच्या दुकानापासून. विकायच्या, दुरुस्त करायच्या. पुढे लोखंडी नांगर आले, बेळगावची जागा सोडावी लागली, आणि १९१० साली औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळचा माळ दिला. तीच आजची किर्लोस्करवाडी. औंध सातारा जिल्ह्यात, किर्लोस्करवाडी सांगली जिल्ह्यात, म्हणजे आमच्या दोन्ही घरांचा मान राहिला. मिरजेचं बघा. तिथली सतारी, तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगार, म्हणजे तलवारींना धार लावणारी, शस्त्रं दुरुस्त करणारी. एकोणिसाव्या शतकात शस्त्रांचं काम आटलं आणि तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. दुरुस्ती करणारा माणूस वस्तू आतून ओळखतो, आणि आतून ओळखणारा उद्या वस्तू बनवूही शकतो. नुसतं वापरणाऱ्याला ती वाट बंद.

ती वाट बंद करायचं काम आता पद्धतशीर चाललंय, माझा खरा राग तिथे आहे. बोर्डावर रेझिन ओतून तो सीलबंद करतात. कारण सांगतात ओलाव्यापासून संरक्षण, आणि ते खोटं नाही. पण त्यामुळे आतला पंधरा-वीस रुपयांचा रिले बदलता येत नाही, अख्खा बोर्ड घ्यावा लागतो. काही फ्रंट लोडमध्ये बाहेरचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो, म्हणजे आतलं बेअरिंग गेलं की टबच बदला. जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओत सर्किटचा नकाशा असायचा. मावशीच्या मशीनच्या मागच्या झाकणावर वायरिंगचा नकाशा चिकटवलेला होता, पुराच्या पाण्यानं तो अर्धा धुतला गेला तरी उरलेल्या अर्ध्यानं आमचं काम झालं. आमच्या नव्या मशीनच्या पुस्तिकेत चोवीस पानं आहेत, त्यातली बरीचशी 'हे करू नका' यासाठी. नकाशा एकही नाही.

युरोपात १ मार्च २०२१ पासून नियम आहे की वॉशिंग मशीनचं मॉडेल बाजारातून गेल्यावरही दहा वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. दाराचं रबर, बिजागरी, साबणाचा कप्पा असे भाग कुणालाही, मोटर, पंप, बोर्ड मात्र व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागानं जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्याच वर्षी २४ डिसेंबरला पोर्टल सुरू झालं, आणि त्यात घरगुती उपकरणंही आहेत. चांगलं आहे. पण पोर्टलवर सर्व्हिस सेंटरचा फोन नंबर मिळणं आणि मिरजेच्या वायंडिंगवाल्या काकांना बोर्ड आणि नकाशा वाजवी भावात मिळणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मला दुसरं हवंय, आणि ते कायद्याशिवाय होईल असं वाटत नाही.

माझ्या टीममधला एक मित्र नेहमी म्हणतो, "अरे, तुझा तासाचा रेट काय? दोन तास मशीनमध्ये घालवलेस, त्यात नवं मशीन आलं असतं." हा हिशेब मला कधी पटला नाही. शनिवारी दुपारी मला तासाचे पैसे कोण देतंय? तोच मित्र त्या दोन तासांत फोनवर नव्या मशीनचे रिव्ह्यू वाचतो, ते धरायचे नाहीत का? दुसरा आक्षेप जरा वजनदार आहे, की सगळे स्वतः दुरुस्त करायला लागले तर मेकॅनिकनी खायचं काय. पण मी जेवढं उघडून पाहिलंय तेवढा मी वायंडिंगवाल्यांकडे, फॅब्रिकेटरकडे, सुट्या भागांच्या दुकानात जास्त गेलोय. ज्याला निदान करता येतं तो चांगल्या कारागिराला मुकाट्यानं पैसे देतो, घासाघीस करत नाही. पैसे बुडतात ते न बिघडलेला व्हॉल्व्ह दोनदा बदलणाऱ्याचे, आणि ते बुडावेतच.

या आठवड्यात सांगलीहून फोन होता, मावशीच्या मशीनचा ड्रायर थांबताना खडखड करतो म्हणे. झाकण उघडल्यावर लगेच थांबत नाही, बराच वेळ फिरत राहतो. मी विचारलं, रोज की कधी कधी? ती म्हणाली, "जड कपडे असले की जास्त." ब्रेकची वायर सैल झाली असणार असा माझा अंदाज. पुढच्या शनिवारी जातोय, येताना भडंग आणीन.